गवती चहाचं तेल दर खेपेला कमी का येतं? भट्टी बदलण्याआधी तेलाचा हिशेब लावा

गवत तेच, भट्टी तीच, माणसंही तीच. पहिल्या वर्षी टनाला पाच किलोच्या पुढे मिळणारं तेल आता चारावर येऊन अडकलंय. फॅब्रिकेटरचा माणूस येतो, झाकणाचं गॅस्केट बदलतो, दोन बॅच बऱ्या जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गवती चहा लावून स्वतःचं डिस्टिलेशन युनिट टाकलेल्या बहुतेकांना कधी ना कधी हे भोगावं लागतं. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो वाण बदला, दुसरा म्हणतो बॉयलर मोठा घ्या. हल्ली तिसराही भेटतो: वाफेची भट्टी जुनी झाली, मायक्रोवेव्हवर किंवा सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडवर जा.

यातलं काहीही करण्याआधी तेल नेमकं कुठं जातंय ते शोधायला हवं. तेल काही जादूने नाहीसं होत नाही. एक तर ते गवतात मुळात कमी होतं, किंवा उकडलेल्या गवतात राहिलं, किंवा पाण्याबरोबर वा वाफेबरोबर बाहेर गेलं. या तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. निदान न करता केलेली दुरुस्ती लागू पडली तर तो योगायोगच, आणि म्हणूनच तीच अडचण पुन्हा पुन्हा येते.

खरंच कमी येतंय का?

हा प्रश्न विचारला की लोक चिडतात, पण बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात. आपण उतारा, म्हणजे गवतामागे किती तेल, काढतो तो गवताच्या वजनावर, आणि गवताच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो.

समजा, ताज्या गवतात ७५ टक्के पाणी आहे. म्हणजे १,००० किलो गवतात सुकं द्रव्य २५० किलो. त्यातून ५ किलो तेल आलं तर उतारा ०.५ टक्के. हेच गवत सावलीत सुकून पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांवर आलं, तर त्याचं वजन ६२५ किलो भरेल. तेल तेवढंच, ५ किलो. पण उतारा आता ०.८ टक्के दिसतो. उलट, पावसात भिजलेलं गवत तोलून टाकीत घातलं आणि त्यात पाणी ८० टक्के असेल, तर त्या टनात सुकं द्रव्य २०० किलोच. सुक्या द्रव्यावर तेच दोन टक्के धरले तर तेल येणार ४ किलो. भट्टीत थेंबही वाया गेलेला नाही, तरी वहीत एक किलोचा खड्डा दिसतो.

म्हणून उन्हाळ्यातल्या सुकवलेल्या गवताच्या उताऱ्याची तुलना श्रावणातल्या ओल्या गवताशी करू नका. १०० ग्रॅम गवत बारीक कापून १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवलं की ओलावा कळतो. तो आकडा प्रत्येक बॅचच्या नोंदीत असू द्या आणि उतारा सुक्या वजनावर काढा. एवढं करूनही घसरण दिसत असेल, तर पुढे चला.

गवतात तेल आहे का?

याचं उत्तर डोळ्यांनी किंवा वासाने मिळत नाही. त्यासाठी क्लेव्हेंजर लागतो. काचेचं साधं उपकरण आहे. जोसेफ क्लेव्हेंजर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९२८ साली प्रसिद्ध केलं आणि आजही जगभर तेच वापरतात. खाली गोल चंबू, वर वाफ गार करून पाणी करणारा कंडेन्सर आणि मध्ये मिलिलिटरच्या खुणा असलेली नळी. तेल त्या नळीत वर साचतं, पाणी आपोआप परत चंबूत जातं. कृषी विद्यापीठांत तर ते असतंच, पण त्याहून जवळची जागा म्हणजे फार्मसी कॉलेज. तिथं वनौषधींच्या प्रयोगशाळेत क्लेव्हेंजर कपाटात पडून असतो. विनंती केली तर बहुधा करून देतात.

टाकीत भरायच्या गवतातूनच नमुना घ्या. एका पेंढीतून नको. ढिगाच्या चार-पाच जागांवरून घ्या. २०० ग्रॅम गवत बोटभर लांबीचं कापून चंबूत टाका, त्यात लिटरभर पाणी घाला आणि नळीतलं तेल वाढायचं थांबेपर्यंत उकळा. समजा, नळीत १.१ मिलि तेल दिसलं. गवती चहाच्या तेलाची घनता साधारण ०.८९ धरली तर ते ०.९८ ग्रॅम झालं, म्हणजे ०.४९ टक्के. त्या दिवशी टाकीत ५०० किलो गवत भरलं असेल, तर त्यात तेल होतं सुमारे २ किलो ४५० ग्रॅम.

आता कॅनमध्ये किती आलं ते तोला. सव्वादोन किलोच्या आसपास असेल तर भट्टीला नावं ठेवू नका, ती आपलं काम करतेय. शेतावरची भट्टी काचेच्या चंबूइतकं शेवटच्या थेंबापर्यंत तेल काढत नाही. अशा वेळी दोष शोधायचा तो शेतात. कापणी लांबून पानं जून झाली आहेत का? पिवळी-करपलेली पानं किती? पहिल्या कापणीनंतर साधारण अडीच-तीन महिन्यांनी पुढची कापणी, हे वेळापत्रक मजुरांअभावी चार-पाच महिन्यांवर गेलं की गवताचं वजन भरपूर दिसतं आणि उतारा पडतो. पाचेक वर्षांत बेटंही म्हातारी होतात. मधून पोकळ पडतात आणि सुक्या पानांचा भरणा वाढतो. शिवाय कापलेलं गवत ढीग करून ठेवलं की ते आतून तापतं. ढिगात हात घालून बघा, कोमट लागलं आणि आंबूस वास आला तर तेल तिथंच बिघडायला लागलंय. सावलीत पातळ पसरून रात्रभर सुकवणं चांगलं. दोन-दोन दिवस रचून ठेवणं वाईट.

पण कॅनमध्ये २ किलो ४५० ग्रॅमऐवजी १ किलो ९०० ग्रॅमच आलं, तर साडेपाचशे ग्रॅमचा जाब भट्टीला विचारायचा. त्यासाठी क्लेव्हेंजर दुसऱ्यांदा लावायचा, या वेळी उकडलेल्या गवतावर. इथं एक गोष्ट विसरू नका: उकडलेलं गवत पाणी पिऊन जड झालेलं असतं. त्याचं एकूण वजनही घ्या, नाहीतर टक्केवारी फसवते. या दुसऱ्या चाचणीत गहाळ तेलातलं बरंचसं सापडलं तर दोष टाकीत किंवा वाफेत आहे. गवत कोरं निघालं तर दोष कंडेन्सरपासून पुढे आहे. दोन चाचण्यांत अर्धी भट्टी संशयातून सुटते.

उकडलेल्या गवतात तेल राहतंय

टाकी उघडल्यावर बहुतेक जण हॉइस्टने जाळी उचलतात आणि गवत सरळ बाहेर ओततात. त्याऐवजी गार होऊ द्या आणि थर थर काढत बघा. नीट उकडलेलं पान मातकट, मऊ झालेलं असतं. चुरगाळलं तर उकडलेल्या भाजीचा वास येतो. वाफ न पोहोचलेल्या जागी पान अजून हिरवं आणि ताठ असतं, तळहातावर चोळलं की लिंबाचा झणका नाकात जातो. असे हिरवे पट्टे कुठं आहेत ते लक्षात ठेवा, कारण त्यांची जागाच कारण सांगते. भिंतीलगतचं गवत उकडलेलं आणि मध्ये हिरवा गाभा? म्हणजे वाफ भिंतीला धरून वर पळतेय. एकाच बाजूला हिरवं? टाकी किंवा जाळी कलली आहे, नाहीतर खालच्या वाफनळीची त्या बाजूची भोकं गंजाने वा कचऱ्याने बुजली आहेत. सगळा वरचा थर हिरवा? वाफ कमी पडली, किंवा बॅच लवकर बंद केली.

पाटाला उंदराचं बीळ लागलं की पाणी वाफ्यात न जाता तिकडेच पळतं. टाकीत वाफेचं नेमकं तसंच होतं. तिला एक सोपी वाट सापडली की बाकीच्या गवताकडे ती फिरकत नाही. वरून बघणाऱ्याला कंडेन्सरमधून भरपूर पाणी येताना दिसतं, भट्टी जोरात चाललीय असं वाटतं, आणि तेल मात्र बेताचंच. लांब पेंढ्या आडव्या-उभ्या कशाही टाकल्या की असल्या वाटा पडतात. गवत कडबाकुट्टीवर कापून घेतलं तर टाकीत जास्तही बसतं आणि एकसारखंही बसतं. अगदी भुगा मात्र करू नका: बारीक चुरा घट्ट बसून वाफच अडवतो, आणि कापून ठेवलेल्या गवतातलं तेल उघड्यावर उडूनही जातं. कापायचं आणि लगेच भरायचं. वीतभर थर टाकायचा, एका माणसाने कडेकडेने फिरत तुडवायचा, मग पुढचा थर. भिंतीलगत जास्त तुडवा, कारण वाट तिथंच पडते.

वाफ सोडतानाची घाईही नडते. सुरुवातीलाच व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर वाफ थंड गवत फोडून वर जाते आणि पडलेली वाट शेवटपर्यंत राहते. आधी हळू सोडा. वाफ खालून गवत तापवत, स्वतः गार होऊन पाणी होत होत वर सरकली पाहिजे. झाकणाला हात लावून चटका बसला, कंडेन्सरमधून पहिले थेंब आले, की मग वाढवा.

हे गार झालेलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. बॉयलरची वाफ वेगळी येत असेल तर तळाचा ड्रेन कॉक अधूनमधून उघडायलाच हवा. तो बुजला तर पाणी वाफनळीच्या वर चढतं, खालचा थर पाण्यात बुडतो आणि वाफ बुडबुडे काढत बसते. ज्या टाकीवर ग्लासवूल-पत्र्याचं आवरण नाही तिथं थंडीत, विशेषतः उघड्या माळावर, वाफेचा मोठा वाटा भिंत तापवण्यातच जातो. त्यात जळण म्हणून मागच्या बॅचचं अर्धवट वाळलेलं गवत घातलं असेल तर बघायलाच नको. पावसाळ्यात उतारा पडण्यामागे ओल्या जळणाचा हात किती असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. बॉयलरचा काटा वर चढत नाही, बॅच लांबते, रात्र होते आणि कंटाळून बंद करतात.

बॅच किती वेळ चालवायची, याचं उत्तर पुस्तकात शोधू नका, स्वतःच्या भट्टीवर एकदा मोजा. पहिला थेंब पडल्यापासून दर १५ मिनिटांनी आलेलं तेल वेगळ्या बाटलीत घ्या आणि तोला. गवती चहाचं बहुतेक तेल पहिल्या तासा-दीड तासात येतं, मग धार आटत जाते. एका पाव तासातल्या तेलाची किंमत त्याच पाव तासातल्या जळणापेक्षा कमी झाली की थांबा. सोबत दर वेळी बादली आणि घड्याळ घेऊन ताशी किती लिटर पाणी येतंय तेही लिहा. चांगल्या बॅचचा हा आकडा हाताशी असला की वाईट बॅचमध्ये वाफ कमी होती की नव्हती, हा वाद उरत नाही.

गवत कोरं, तरी कॅन रिकामा

भट्टीभोवती घमघमाट सुटला की पाहुणे खूश होतात. मालकाने मात्र अस्वस्थ व्हायला हवं. तो वास म्हणजे विकायचं तेलच हवेत चाललंय.

पहिला संशयित कंडेन्सर. बाहेर येणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. ते ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर ठीक. हाताला सोसत नसेल, रिसीव्हरच्या (तेल-पाणी वेगळं होण्याच्या भांड्याच्या) तोंडातून धूर निघत असेल, तर वाफ पुरती गार होत नाहीये आणि तिच्याबरोबर तेलही जातंय. आता कंडेन्सर लहान आहे की पाणी कमी आहे, हे गणिताने ठरवा. एक किलो वाफेचं पाणी करायला तिच्यातून सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि ते पाणी १०० वरून ४० अंशांवर आणायला आणखी ६०. म्हणजे किलोला ६००. ताशी १०० किलो वाफ असेल तर ताशी ६०,००० किलोकॅलरी. थंड पाणी कंडेन्सरमधून जाताना २० अंशांनी तापतं असं धरलं, तर ताशी ३,००० लिटर पाणी फिरायला हवं. अर्ध्या इंची नळीवर हे होत नाही.

सकाळची पहिली बॅच छान आणि दुपारची तिसरी बॅच कमी, असं चित्र असेल तर दोष जवळजवळ हमखास इथंच आहे. पाणीटंचाईमुळे आपल्याकडे बहुतेक जण एकाच टाकीतलं पाणी फिरवतात. वरच्याच हिशेबाने अडीच तासांच्या एका बॅचमध्ये दीड लाख किलोकॅलरी त्या टाकीत ओतल्या जातात. टाकी १०,००० लिटरची असेल तर पाणी १५ अंशांनी तापतं. सकाळी २८ अंश असलेलं पाणी पहिल्या बॅचनंतर ४३ वर, दुसरीनंतर ५८ वर. हवेने थोडं निवतं हे खरं, पण तिसऱ्या बॅचला जे कंडेन्सरमध्ये शिरतंय ते थंड पाणी म्हणण्यासारखं नाही. उपाय: टाकी मोठी करा, पाणी फवारत किंवा पायऱ्यांवरून पाडत टाकीत सोडा, नाहीतर दोनच बॅच घ्या. तिसरी बॅच काढून फुकट जळण जाळण्यापेक्षा हे स्वस्त.

हळूहळू, महिन्यागणिक उतारा पडत गेला असेल तर क्षार बघा. बोअरचं जड पाणी कंडेन्सरच्या नळ्यांवर पांढरा थर चढवतं आणि उष्णता अडते. पाण्याचा प्रवाह पूर्वीइतकाच, तरी बाहेर येणारं पाणी जास्त गरम, ही त्याची खूण. सौम्य सायट्रिक आम्लाचं पाणी फिरवून थर सुटतो. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा. आणि धुतल्यावर होसपाइप उलटे लावू नका. थंड पाणी खालून आत, गरम वरून बाहेर. सफाईनंतर अचानक उतारा घसरला तर पहिल्यांदा हेच तपासा.

दुसरा संशयित रिसीव्हर. इथं तेल हवेत उडून जात नाही, गटारात जातं. रिसीव्हरचं काम एवढंच की तेल-पाणी आत शांतपणे थांबावं, तेलाचे थेंब वर यावेत आणि खालून फक्त पाणी निघावं. पण थेंब जितका बारीक तितका तो हळू वर येतो: आकार निम्मा झाला तर वेग चौथाई होतो. वाफ जोरात सोडली की पाण्याचा लोंढा वाढतो, आत थांबायला वेळ मिळत नाही आणि बारीक थेंब पाण्याबरोबर वाहून जातात. ताशी १०० लिटर पाणी येत असेल आणि रिसीव्हर २० लिटरचा असेल, तर पाण्याच्या हातात जेमतेम १२ मिनिटं.

तपासणी फुकटची आहे. रिसीव्हरमधून वाहून जाणारं पाणी काचेच्या पारदर्शक बाटलीत गळ्यापर्यंत भरा, बूच लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गळ्याशी तेलाचं कडं दिसलं तर रिसीव्हर तेल गमावतोय. मग पहिल्याच्या पुढे दुसरा रिसीव्हर लावा. कंडेन्सरमधून येणारी धार वरून आपटत असेल तर नळी वाकवून आतल्या फनेलमध्ये हळूच उतरवा, कारण ती आपटणारी धारच तेल घुसळून दुधासारखं पाणी करते. पाण्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीची उंचीही बघा. वेल्डिंग करताना ती थोडी वर-खाली झाली तर तेलाचा थर एक तर वरून ओसंडतो किंवा खालून ओढला जातो.

रात्रभर ठेवूनही कडं दिसलं नाही पण पाण्याला वास झणझणीत आहे, तर ते विरघळलेलं तेल. सिट्राल, म्हणजे या तेलाला लिंबाचा वास देणारा मुख्य घटक, पाण्यात थोडा का होईना विरघळतो, गरम पाण्यात आणखी. समजा, लिटरला अर्धा ग्रॅम गेला आणि ५०० किलो गवतामागे २०० लिटर पाणी निघालं, तर १०० ग्रॅम तेल गेलं. भट्टीला थेट खालून जाळ असेल आणि पाणी टाकीच्याच तळात असेल, तर हे पाणी पुढच्या बॅचला तळात घालून ते तेल बऱ्यापैकी परत मिळवता येतं. दोन-चार वेळा झाल्यावर पाणी काळपट, चिकट होतं. मग फेकून द्या. बॉयलर वेगळा असेल तर मात्र हे पाणी बॉयलरमध्ये अजिबात घालू नका.

झाकण आणि सांधे ही शेवटची जागा, जरी सगळे सुरुवात तिथूनच करत असले तरी. पाण्याची सील असलेल्या झाकणावर खूण सोपी आहे: सीलच्या चरातल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर वाफ तिथून निसटलीय. पण सील फुटते ती आत दाब वाढला म्हणून. चराची खोली १० सेंटिमीटर असेल तर टाकीत तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा, म्हणजे अगदी नगण्य दाब चालतो. पुढे कंडेन्सरची नळी गवताने तुंबली असेल तर गॅस्केट कितीही बदला. आधी पुढची वाट मोकळी करा. दाबाचा प्रश्न नुसत्या उताऱ्याचाही नाही. बंद टाकीत दाब चढणं जिवावर बेतू शकतं. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग आहेत, त्यांना काय म्हणावं!

रंग काळपट, वास जळका

तेल पुरेसं येतंय पण व्यापारी नाक मुरडतो, ही जोडतक्रार. खालून जाळ असलेल्या भट्टीत जळकट वास आला तर तळातलं पाणी जाळीच्या बरंच खाली गेलं आणि पानं तापलेल्या पत्र्याला लागली. लोखंडी टाकी आणि गंजका रिसीव्हर तेलाला तांबूस-काळा रंग देतात. निदान कंडेन्सर आणि रिसीव्हर तरी ३०४ दर्जाच्या स्टीलचे हवेत. तेल गढूळ असेल तर त्यात पाणी आहे. एक रात्र स्थिर ठेवून वरचं तेल काढा, मग निर्जल सोडियम सल्फेट टाकून गाळा. कॅन गळ्यापर्यंत भरा, अर्धा रिकामा ठेवू नका. हवा आणि उजेड लागला की सिट्राल उतरत जातो, आणि भाव ठरतो तो सिट्रालच्याच टक्क्यांवर. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये महिनोन्‌महिने तर ठेवूच नये.

ही सगळी तपासणी इतर पिकांनाही लागू पडते, थोड्या फरकाने. रोशा गवतात, म्हणजे आपल्या तिखाडीत, तेलाचा मोठा साठा फुलोऱ्यात असतो. तुरे यायच्या आधी कापलं तर भट्टी काय करणार? खानदेश-निमाडच्या रानातून निघालेलं हे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिथं गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. वाळ्याची गोष्ट निराळी: त्याच्या तेलाची घनता पाण्याच्या अगदी जवळ असल्यामुळे रिसीव्हरमध्ये तेल धड वर येत नाही आणि धड खालीही बसत नाही. तिथं रिसीव्हर थोडा कोमट ठेवावा लागतो. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. गवती चहाचा रिसीव्हर तसाच लावला तर तेल सरळ गटारात.

मग नवं तंत्र घ्यायचंच नाही का?

घ्या, पण कशासाठी ते ठरवून. मायक्रोवेव्हने तेल काढण्याची पद्धत खोटी नाही. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी तुळस, पुदिना आणि थाइमवर दाखवलं की पाणी न घालता, पानांतल्याच ओलाव्यावर मायक्रोवेव्हने ३० मिनिटांत जवळजवळ तेवढंच तेल मिळतं, जेवढं पाण्यात उकळून साडेचार तासांत मिळतं. वेळ आणि ऊर्जा दोन्ही वाचतात. पण तो प्रयोगशाळेतला, छोट्या नमुन्यांवरचा खेळ होता. मायक्रोवेव्ह ओल्या पानांच्या ढिगात फार खोल शिरत नाहीत, म्हणून टनभर गवताची टाकी अशी तापवता येत नाही. पट्ट्यावरून पातळ थर सरकवणारी किंवा गवत सतत फिरवणारी यंत्रणा लागते. आणि मुख्य म्हणजे मायक्रोवेव्हलाही पुढे कंडेन्सर आणि रिसीव्हर लागतोच. तुमचं तेल गरम कंडेन्सरमधून उडत असेल तर नव्या यंत्रातूनही उडेल.

सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचं गणित आणखी वेगळं. ३१ अंश तापमान आणि सुमारे ७४ बार दाब यांच्या वर हा वायू द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा आत शिरतो. उष्णता कमी, म्हणून नाजूक वास टिकतात. दाब सोडला की वायू उडून जातो, मागे द्रावकाचा अंश राहत नाही. आलं, मिरी, वेलदोडे अशा महागड्या, वाळलेल्या मालाला हे शोभतं. गवती चहासारख्या ओल्या, फुगीर आणि किलोमागे पाच-सात ग्रॅम तेल देणाऱ्या गवताला एवढ्या दाबाची जाड पोलादी भांडी परवडत नाहीत. शिवाय तो वायू तेलाबरोबर पानांवरचं मेणही ओढून आणतो. मल्लिकेसारख्या (मोगऱ्यासारख्या) फुलांसाठी तमिळनाडूत हेक्झेनसारखा द्रावक वापरून काँक्रीट, म्हणजे मेणकट सुगंधी गोळा, आणि त्यातून अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे मेण काढलेला सुगंधी अर्क, काढतात, कारण ती फुलं वाफ सोसत नाहीत. गवती चहाला तशी काही अडचण नाही.

यात व्यवहाराचा एक खाचखळगा आहे जो यंत्र विकणारा सांगत नाही. आयएसओ ९२३५ या मानकाप्रमाणे इसेन्शियल ऑइल म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळालेलं तेल, किंवा लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून दाबून काढलेलं. कार्बन डायऑक्साइडने किंवा हेक्झेनने काढलेला माल त्या व्याख्येत बसत नाही, तो अर्क. त्याचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख वेगळा येतो आणि तेलाच्या ऑर्डरवर तो माल परत येऊ शकतो. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी दोन कागद हातात असू द्या: उकडलेल्या गवताचा क्लेव्हेंजरचा आकडा, आणि खरेदीदाराकडून लेखी घेतलेली मागणी, त्यात तेल लिहिलंय की अर्क, सिट्राल किती टक्के आणि कोणत्या पद्धतीने काढलेला माल चालेल, हे स्पष्ट असलेली.